मुळाभोवतीची राखीव जागा

प्रस्तावना

दात किडला की ठणका लागतो, माणूस रात्र जागून काढतो आणि सकाळी दवाखाना गाठतो. हिरडीचा आजार असा ओरडून सांगत नाही. घासताना ब्रशला रक्त लागते, तोंडाला वास येतो, समोरच्या दोन दातांत पूर्वी नव्हती अशी फट दिसू लागते आणि एखाद्या दिवशी भाकरीचा तुकडा तोडताना दाढ हलल्याचे लक्षात येते. तोपर्यंत कित्येक वर्षे उलटलेली असतात. घरातली मोठी माणसे ‘पायरिया झालाय, वय झालं’ म्हणतात आणि दात काढायचा दिवस ठरतो. राधानगरी तालुक्यात हिरड्यांवर उपचार करताना हा क्रम मी घरोघरी पाहत आलो आहे. रक्त येणे आणि दात काढणे यांच्यामध्ये उपचाराच्या बऱ्याच पायऱ्या आहेत, पण त्यांची माहिती लोकांपर्यंत पोहोचतच नाही. त्यातल्या एका पायरीची, मुळाशी पडदा लावून झिजलेला आधार पुन्हा उभा करण्याच्या शस्त्रक्रियेची, मराठीत सविस्तर ओळख करून द्यावी म्हणून हे पुस्तक लिहिले.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटातल्या दहापैकी जवळपास नऊ जणांच्या हिरड्यांत आजाराची काही ना काही खूण आढळली होती. साध्या सुजेपासून हाड झिजण्यापर्यंतचे सगळे टप्पे यात आले. बहुतेकांना नीट घासणे, कीटण काढून घेणे आणि मुळे साफ करणे एवढे पुरते. काहींचे हाड मात्र एखाद्या दाताच्या मुळालगत खोल खड्ड्यासारखे खचलेले असते. नुसत्या सफाईने तो खड्डा भरत नाही. पडद्याचा विचार होतो तो अशा रुग्णांसाठी, आणि त्यांच्यातही सगळ्यांसाठी नाही. शस्त्रक्रियेचे नाव ऐकून घाबरलेल्या माणसाइतकीच, ती ऐकून अवास्तव आशा धरलेल्या माणसालाही खरी माहिती मिळणे गरजेचे असते. दोघांनाही समोर ठेवून पुढची प्रकरणे लिहिली आहेत.

आधी दात जबड्यात कसा उभा असतो ते पाहू. मूळ आणि हाड एकमेकांना थेट चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा जिवंत थर असतो. पेरिओडॉन्टल लिगामेंट हे त्याचे वैद्यकीय नाव; या पुस्तकात त्याला दंतबंध म्हटले आहे. त्यातल्या तंतूंचे एक टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ कठीण थरात रुतलेले असते आणि दुसरे टोक हाडात. रुतलेल्या या टोकांना एकोणिसाव्या शतकातले शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम शार्पी यांच्या नावाने शार्पीचे तंतू म्हणतात. ऊस सोलताना, हरभरा फोडताना दातावर येणारा दाब हा थर झेलतो, आणि घासात बारीक खडा आला तर तो क्षणात कळतो तोही याच थरातल्या मज्जातंतूंमुळे. या सगळ्यावर हिरडीचे पांघरूण असते. निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते.

जंतूंचा चिकट थर या खाचेत साचून राहिला की शरीर त्याच्याशी लढू लागते, आणि लांबलेल्या त्या लढाईत शरीराच्याच ऊतींची हानी होते. तंतू तुटतात, हाड विरते, खाच खोल होऊन पाच, सात, कधी नऊ मिलिमीटरची पोकळी तयार होते. डॉक्टर तिला पॉकेट म्हणतात. हा आजार माणसाला जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणारे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यातल्या ‘दंतवेष्ट’ या रोगाच्या वर्णनात हिरड्यांतून पू-रक्त येणे आणि दात हलणे ही दोन्ही लक्षणे आहेत.

हाडाची झीज सगळीकडे सारखी होत नाही. काही ठिकाणी ते सपाट खाली उतरते. काही ठिकाणी मुळालगत तिरपे खचते आणि एक, दोन किंवा तीन बाजूंनी हाडाच्या भिंती शिल्लक असलेला खड्डा उरतो. गोल्डमन आणि कोहेन यांनी १९५८ मध्ये या भिंतींवरूनच खड्ड्यांचे प्रकार पाडले आणि आजही ते वापरात आहेत. दाढांच्या बाबतीत आणखी एक जागा धोक्याची असते, ती म्हणजे दोन मुळे जिथे फुटतात तो दुबेळका. तिथले हाड गेले की ब्रश पोहोचत नाही आणि आजार तळ ठोकून बसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शस्त्रक्रिया करून हिरडी बाजूला केली, मूळ खरवडून स्वच्छ केले आणि हिरडी पुन्हा टाके घालून बसवली, तर आतल्या रिकाम्या जागेत काय वाढते? काहीतरी नक्कीच वाढते, कारण तोंडातली जखम लवकर भरते. पण ती भरायला चार प्रकारच्या ऊती एकाच वेळी निघतात: हिरडीचे वरचे आच्छादन, हिरडीच्या आतली संयोजी ऊती, हाड आणि दंतबंध. यात आच्छादनाचा वेग सर्वांत जास्त. त्याच्या पेशी दिवसाला साधारण अर्धा मिलिमीटर सरकतात. पाच-सहा मिलिमीटर खोल जागेचा तळ गाठायला त्यांना दोन आठवडेही लागत नाहीत. तिथवर पोहोचून त्या मुळाला चिकटतात आणि जागा व्यापतात. दंतबंधाच्या पेशी मंद असतात. त्या तळातून वर चढेपर्यंत मूळ झाकले गेलेले असते. अशी जखम वरून छान भरलेली दिसते, सूज उतरते, पॉकेटही कमी भरते. पण मुळावर नवे सिमेंटम नसते आणि त्यात रुतलेले तंतू नसतात. ही डागडुजी झाली. गेलेला आधार परत आलेला नसतो.

ए. एच. मेल्चर यांनी १९७६ मध्ये एका लेखात या गोष्टीला सिद्धान्ताचे रूप दिले. मुळावर सर्वांत आधी कोणत्या ऊतीच्या पेशी वस्ती करतात, त्यावरून तिथे कोणत्या प्रकारची जोडणी होणार हे ठरते, असे त्यांनी मांडले. पुढची काही वर्षे स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे स्टुरे न्यूमन, यान लिंडे, थॉर्किल्ड कॅरिंग आणि त्यांचे सहकारी याच विधानाचा कस लावत होते. आजाराने उघडी पडलेली मुळे त्यांनी प्राण्यांमध्ये निरनिराळ्या ऊतींच्या सान्निध्यात ठेवून पाहिली. मूळ हाडाला लागून भरले तिथे हाड मुळाला थेट जोडले गेले आणि मूळ विरू लागले. हिरडीच्या संयोजी ऊतीला लागून भरले तिथेही मूळ विरले. सिमेंटम आणि त्यात रुतलेले तंतू नव्याने तयार करण्याची क्षमता दंतबंधातून येणाऱ्या पेशींमध्येच दिसली.

मग निष्कर्ष उघड होता. मंद पेशींना पुढे येऊ द्यायचे तर वेगवान पेशींना काही काळ दाराबाहेर ठेवायला हवे. १९८२ मध्ये न्यूमन आणि सहकाऱ्यांनी हे माणसाच्या दातावर करून पाहिले. काढावाच लागणार होता असा खालचा एक पुढचा दात त्यांनी निवडला, मूळ साफ केले आणि प्रयोगशाळेत गाळणीसाठी वापरला जाणारा मिलिपोर फिल्टर मूळ व हिरडी यांच्यामध्ये बसवला. तीन महिन्यांनी तो दात आजूबाजूच्या ऊतींसह काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा मुळावर नवे सिमेंटम आणि त्यात रुतलेले नवे तंतू दिसले. हाडाच्या कडेपासून वर पाच मिलिमीटरपर्यंत ते पोहोचले होते. गेलेली जोडणी माणसात पुन्हा घडवता येते, याचा हा पडद्याच्या साहाय्याने मिळालेला पहिला पुरावा. १९८६ मध्ये यान गॉटलो आणि सहकाऱ्यांनी आणखी रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हापासून ही पद्धत गाइडेड टिश्यू रिजनरेशन, म्हणजे ऊतींच्या वाढीला वाट दाखवणारी शस्त्रक्रिया, म्हणून ओळखली जाऊ लागली.

राधानगरीच्या माणसाला ही कल्पना समजायला अवघड जाऊ नये. कोल्हापूर संस्थानाच्या काळात दाजीपूरचे रान शिकारीसाठी राखलेले होते, आणि १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. इथल्या गावांना कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी काय करते ते ठाऊक आहे. उघड्या पडलेल्या उतारावर जनावरे मोकळी सोडली तर कोवळे कोंभ कधीच वर येत नाहीत. तीच जागा चार वर्षे राखली तर रोप न लावताही जमिनीत शिल्लक असलेल्या मुळांतून आणि बियांतून रान उठते. रान उगवते ते त्या जमिनीच्या ताकदीवर. बंदी त्याला फक्त वेळ देते. पडद्याचे काम तेवढेच आहे, आणि या पुस्तकाचा गाभाही तोच. पडदा हाड बनवत नाही, तंतू विणत नाही. तो जागा राखतो. बरे करणाऱ्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असतात.

म्हणूनच पडदा कसा असावा याच्या अटीही जागा राखण्याच्या कामातून येतात. तो शरीराला चालणारा हवा, आच्छादनाच्या पेशींना अडवणारा हवा, खाली कोसळून पोकळी बुजवणार नाही इतका ताठ हवा, आणि डॉक्टरांच्या हाताला वळेल असा हवा. सुरुवातीची अनेक वर्षे ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनचा पडदा वापरात होता. रॉबर्ट गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या याच पदार्थापासून पावसाळी जॅकेटे आणि कृत्रिम रक्तवाहिन्याही तयार होतात. तो शरीरात विरघळत नसल्याने चार ते सहा आठवड्यांनी दुसरी छोटी शस्त्रक्रिया करून काढावा लागे, आणि त्यात नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या ऊतीला धक्का लागण्याची भीती असे. नंतर आपोआप विरघळणारे पडदे आले. काही पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या कृत्रिम पदार्थांचे, काही कोलॅजेनचे. कोलॅजेन गायीच्या, डुकराच्या किंवा माशाच्या शरीरातून घेतलेले असते. धर्म, आहार किंवा श्रद्धा यांमुळे यातला एखादा पदार्थ नको असेल तर रुग्णाने ते आधी मोकळेपणाने सांगावे, आणि डॉक्टरांनीही न विचारता गृहीत धरू नये. पर्याय उपलब्ध असतात.

टाके घातल्यानंतर आत काय घडते, यासाठी मी एक मोठे प्रकरण दिले आहे. रुग्णाला पाळायला सांगितलेल्या प्रत्येक पथ्याचे कारण त्या घडामोडींत सापडते, म्हणून इथे त्याचा सारांश देतो. पहिल्या काही मिनिटांत पडद्याखालच्या पोकळीत रक्त भरते, गोठते, आणि फायब्रिनचे जाळे मुळाला चिकटते. पुढचे सगळे बांधकाम या गुठळीच्या आधाराने होते. उल्फ विकेश्यो आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत मुळाला हेपारिन लावून गुठळीचे चिकटणे बिघडवले, तेव्हा त्या मुळांवर नवी जोडणी होण्याऐवजी आच्छादनच खोल उतरले. गुठळी हलली तर पुढचे गणित चुकते. पहिल्या दिवसांत ओठ ओढून टाके बघू नका, जोरात चुळा भरू नका, त्या बाजूने चावू नका, असे डॉक्टर बजावतात ते यासाठी.

पहिल्या एक-दोन दिवसांत पांढऱ्या पेशी जंतू आणि मृत ऊतींची सफाई करतात. तिसऱ्या दिवसापासून मॅक्रोफेज नावाच्या पेशींचा वाटा वाढतो, आणि बांधकामाला बोलावणारे रासायनिक संदेश त्यांच्याकडून सुटतात. आठवडा पुरा होईतो गुठळीच्या जागी नव्या केशवाहिन्यांनी भरलेली लालसर कोवळी ऊती आलेली असते. तळाशी शिल्लक असलेल्या दंतबंधातून पेशी मुळावरून वर चढू लागतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नव्या सिमेंटमचा अगदी पातळ थर दिसू लागतो आणि तंतूंची टोके त्यात रुतायला लागतात. पडद्याने तग धरायला हवा तो या पहिल्या चार ते सहा आठवड्यांत. हाडाला याहून बराच वेळ लागतो. क्ष-किरणात खड्डा भरलेला दिसायला सहा महिने ते वर्ष जाते. तोपर्यंत डॉक्टरही तिथे मोजणीची सळई घालत नाहीत. रुग्ण महिन्याभरात ‘हाड आलं का?’ असे विचारतात. त्यांची उत्सुकता रास्त आहे. उत्तर मिळायला मात्र शरीराच्या वेगाने थांबावे लागते.

या काळातला सर्वांत मोठा अडथळा म्हणजे हिरडी मागे सरून पडदा उघडा पडणे. उघड्या पडद्यावर जंतू बसतात, ते आत शिरतात आणि फायदा घटतो. टेफ्लॉनच्या पडद्यांच्या काळात ही तक्रार वारंवार येई. दोन दातांमधला हिरडीचा कोंब न कापता जपून उचलण्याच्या पद्धती १९८५ पासून विकसित होत गेल्या. हेन्री टाकेई आणि नंतर पिएरपाओलो कॉर्तेलीनी यांनी त्यात मोठी भर घातली आणि पडदा नीट झाकून ठेवणे बरेच सोपे झाले.

फायदा किती होतो? अनेक चाचण्या एकत्र तपासून इयन नीडलमन आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेन संस्थेसाठी केलेल्या आढाव्यात, नुसत्या सफाई-शस्त्रक्रियेपेक्षा पडद्याने जोडणीत सरासरी सुमारे १.२ मिलिमीटरची जादा भर पडल्याचे दिसले. हा आकडा लहान वाटेल. पण तो सरासरीचा आहे, आणि रुग्णागणिक, दातागणिक त्यात मोठा फरक पडतो. तीन भिंती शिल्लक असलेल्या अरुंद, खोल खड्ड्यात निकाल चांगला येतो, कारण पेशी तिन्ही बाजूंनी येतात आणि गुठळीला आधार मिळतो. एकच भिंत उरलेल्या रुंद खड्ड्यात पडदा कोसळतो आणि फारसे काही मिळत नाही. खालच्या दाढेच्या दुबेळक्यात एका बाजूने शिरलेल्या आजारात उपयोग होतो. आरपार भोक पडले असेल तर भरवसा देता येत नाही. सपाट झिजलेल्या हाडावर पडद्याने उंची मिळत नाही. मूळ उघडे पडून दात लांब दिसू लागतो, त्या तक्रारीवरही पडदा वापरून पाहिला गेला आहे आणि आत नवी जोडणी झाल्याचे पुरावे आहेत. परंतु आज अशा ठिकाणी टाळूतून घेतलेल्या ऊतीचे कलम अधिक खात्रीचे मानले जाते. कोणत्या खड्ड्यासाठी पडदा सुचवला जातो आहे, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. ते विचारताना वापरता येतील अशी चित्रे पुस्तकात दिली आहेत.

यानंतर तंबाखूबद्दल सविस्तर लिहिणे मला भाग आहे, कारण आपल्या भागात पेशींच्या वाटेतला मोठा अडथळा तो आहे. देवगड-निपाणी रस्ता राधानगरीतून जातो. त्याच्या एका टोकाला तंबाखूची मोठी बाजारपेठ आहे आणि वाटेवरच्या कित्येक घरांत सकाळ मशेरीने सुरू होते. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बोटाने हिरडीवर फिरवणे, हे दात घासणे आहे अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रत्यक्षात त्या बोटातून निकोटीन थेट हिरडीत जाते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते, धूर काढणारे ३.८ टक्के. म्हणजे आपल्या राज्यात ही सवय मुख्यतः गालात, ओठात आणि हिरडीवर बसलेली आहे. जिथे गोळी धरली जाते तिथली हिरडी खाली उतरते, मूळ उघडे पडते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच.

धूम्रपान आणि पडद्याची शस्त्रक्रिया यांचा संबंध तर मोजून दाखवला गेला आहे. मॉरिझिओ टोनेटी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांत, पडदा लावल्यानंतर एका वर्षाने धूम्रपान न करणाऱ्यांना जोडणीत सरासरी ५.२ मिलिमीटरचा लाभ झाला, करणाऱ्यांना २.१ मिलिमीटरचा. तेच कौशल्य, तोच पडदा, आणि फायदा निम्म्याहून कमी. निकोटीन सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसवते आणि तंतू विणणाऱ्या पेशींचे काम मंदावते. म्हणून मशेरी, गोळी किंवा बिडी सुरू असताना मी पडद्याची घाई करू नये असेच सांगतो. मशेरी सोडणाऱ्या बायकांना पहिल्या आठवड्यांत डोके दुखणे, चिडचिड, पोट साफ न होणे असा त्रास होतो. तो खरा त्रास आहे, त्यांच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे, आणि त्या काळात घरच्यांनी टोमणे न मारता साथ द्यावी. याचे वेगळे प्रकरण पुस्तकात आहे आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकत्र वाचावे अशी माझी विनंती आहे.

मधुमेहाचेही तसेच. रक्तातली साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि हिरडीचा आजार बळावतो. उलट, हिरडीतली दीर्घकाळची सूज साखर आटोक्यात आणणे अवघड करते. दोन्ही उपचार हातात हात घालून चालायला हवेत. हलणारा दात दाखवायला आलेल्या माणसाला आधी साखर तपासून यायला सांगितले तर त्यामागे हे कारण असते.

शहरातल्या पुस्तकांत सहसा नसणारा एक विषय मी मुद्दाम घेतला आहे: शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात करावी. पडदा बसवल्यावर पहिल्या आठवड्यात, मग टाके काढायला, मग महिना-दीड महिन्याने आणि पुढे ठरावीक अंतराने दाखवायला यावे लागते. जून-जुलैत भाताची लावण सुरू झाली की इथल्या माणसाला दिवस मोकळा मिळत नाही, आणि दाजीपूरच्या बाजूला पावसाने रस्ते आणि ओढे अडले की वाडीतून निघणेही कठीण होते. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसवाल्यांची तीच गत. शिवाय चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्याला मऊ, कोमट जेवण आणि विश्रांती पाळता येत नाही. निवडून केलेल्या या शस्त्रक्रियेला सहसा तातडी नसते. आधी मुळे साफ करून घ्यावीत, सूज उतरू द्यावी आणि शेतीच्या कामातली उसंत पाहून तारीख धरावी. पाठपुरावा जमणार नसेल तर थांबणे हा शहाणपणाचा निर्णय असतो.

खर्चाचा प्रश्न टाळून चालणार नाही. पडदा स्वस्त नाही. म्हणून रुग्णाच्या स्वतःच्या रक्तापासून तयार होणाऱ्या फायब्रिनच्या पडद्याकडे आपल्या देशात लक्ष गेले, हे स्वाभाविक आहे. फ्रान्समधले जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये ही पद्धत मांडली. हातातून थोडे रक्त काढायचे, त्यात काहीही न मिसळता ते दहा-बारा मिनिटे सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवायचे, आणि मधोमध तयार झालेला फायब्रिनचा गोळा दाबून पातळ पडदा करायचा. बंगळूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ए. आर. प्रदीप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तीन भिंतींच्या खड्ड्यांत हे फायब्रिन वापरून केलेल्या चाचण्या जगभर वाचल्या गेल्या. हा पडदा लवकर विरतो, त्यामुळे अडसर म्हणून त्याची मुदत कमी. मात्र गुठळीला बळ देण्याचे आणि वाढीचे संदेश पुरवण्याचे काम तो करतो. कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव, शेजारी सांगली, कऱ्हाड आणि बेळगाव इथे दंत महाविद्यालये आहेत. खासगी दवाखान्यातला खर्च झेपत नसेल तर तिथल्या हिरड्यांच्या विभागात चौकशी करावी.

पुस्तकाची मांडणी अशी आहे. पहिल्या भागात दाताच्या आधाराची रचना आणि आजाराची वाटचाल येते. दुसऱ्या भागात जखम भरण्याचे टप्पे आणि पडद्यांचे प्रकार. तिसरा भाग निवडीचा: कोणता खड्डा, कोणता रुग्ण, कोणती वेळ. चौथ्या भागात शस्त्रक्रियेआधीची तयारी आणि नंतरची काळजी दिवसांच्या क्रमाने दिली आहे. शेवटचा भाग आशा सेविका, परिचारिका आणि शाळेतल्या शिक्षकांसाठी आहे. रक्त येणारी हिरडी पहिल्यांदा दिसते ती त्यांना, आणि त्यांनी त्याच वेळी माणसाला दवाखान्याकडे वळवले तर खड्डा पडण्याची वेळच येणार नाही. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही दुसरा भाग उपयोगी पडेल, कारण रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगण्याचा सराव महाविद्यालयात फारसा होत नाही.

हे पुस्तक वाचून कोणी स्वतःचे निदान करू नये. क्ष-किरण आणि प्रत्यक्ष मोजणी यांना पर्याय नाही. मात्र खुर्चीत बसण्याआधी तुमच्याकडे काही प्रश्न तयार असावेत. माझ्या खड्ड्याला किती भिंती उरल्या आहेत? नुसत्या सफाईने काय मिळेल आणि पडद्याने त्यात काय वाढेल? पडदा कशाचा आहे? पुढच्या सहा महिन्यांत मला काय पाळावे लागेल? आणि काहीच केले नाही तर हा दात किती दिवस राहील? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी सुखावतो, कारण समजून होकार दिलेला रुग्ण पथ्यही समजून पाळतो.

हस्तलिखित वाचून अवघड वाक्ये सोपी करायला लावणाऱ्या सहकाऱ्यांचे, आणि आपल्या तोंडाची छायाचित्रे नाव न छापण्याच्या अटीवर वापरू देणाऱ्या रुग्णांचे मनापासून आभार. त्यांच्यापैकी काहींचे दात वाचले, काहींचे वाचवता आले नाहीत. दोन्ही प्रकारची छायाचित्रे पुस्तकात आहेत, कारण दोन्हींतून शिकण्यासारखे आहे.

पडदा बसवायला तास-दीड तास लागतो. पुढची वर्षे सांभाळायची असतात. नव्याने आलेली जोडणी दहा वर्षांहून जास्त टिकल्याची नोंद आहे. ज्यांनी रोज नीट घासले, दातांच्या फटी साफ ठेवल्या, तंबाखू टाळली आणि ठरलेल्या वेळी दाखवायला आले, त्यांच्यातच ती टिकली. तुम्हाला पडद्याची गरज असो वा नसो, आज रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे हिरडीच्या कडेने ब्रश फिरवा, आणि रक्त आले तर या आठवड्यात दाखवून घ्या.

लेखक
राधानगरी, जि. कोल्हापूर